कुंपणातली खपली

माझी नणंद चुकत नाही, हे मला लग्न ठरल्यावर पहिल्याच भेटीत सांगण्यात आलं. सांगणारा तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आता माझा नवरा. माणसं अशा वेळी काय काय गोड बोलतात. हा पठ्ठ्या तासभर बहिणीचंच कौतुक सांगत बसला. ताई थांब म्हणाली की थांबायचं, ताई जा म्हणाली की डोळे मिटून जायचं. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, पण अक्कल नेहमी उशिरा येते.

मी तिला वन्सं म्हणते. आमच्या घरात हा जुना शब्द कुणी वापरत नाही, मी तो मुद्दाम उकरून काढला, तिला चिडवायला. ती चिडली तर नाहीच, उलट शांतपणे ओ द्यायला लागली. आता अकरा वर्षं झाली, तो शब्द माझ्याच तोंडात बसलाय.

त्यात आम्ही दोघी एकाच ठिकाणी कामाला. घरी वन्सं, चौकीत वन्सं. चौकी म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, वायरलेस आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी. मागच्या खोलीत नोंदवह्यांचं कपाट आणि तिचे बूट. बाहेर रस्त्यावर लोखंडी फाटक. फाटकापलीकडे आटलेलं तळं. त्यात पाणी कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही, पण सगळे त्याला तळंच म्हणतात. त्या सपाट, पांढुरक्या जमिनीवरून बावीस किलोमीटर सरळ रस्ता जातो. पलीकडच्या टोकाला दुसरं फाटक आहे आणि तिथला माणूस आमच्या वन्संनी सांगितल्याशिवाय ते हलवत नाही.

काम ऐकायला सोपं आहे. धूळ उठणार असेल तर रस्ता बंद करायचा. चौकी होण्याआधी एका दुपारी या पट्ट्यात नऊ गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या. पुढच्याला मागचा दिसला नाही, मागच्याला पुढचा. त्यानंतर रस्त्यांच्या खात्याने नियम केला, की वारा ताशी चाळीसच्या वर गेला की फाटक खाली. छपरावर वारा मोजायला फिरत्या वाट्यांचं यंत्र बसवलं.

वन्सं आल्या आणि त्यांनी त्या यंत्राला नाक मुरडलं. "वारा म्हणजे नुसता हात," त्या म्हणायच्या. "हाताला उचलायला काही मिळालं तर तो उचलणार." ओल धरलेली माती वाळताना तिच्यावर खपली धरते, जखमेवर धरते तशी. खपली अखंड असेल तर पन्नासचा वारासुद्धा वरून घसरून जातो. ती मोडली की खालची पिठासारखी माती उघडी पडते, मग तीसचा वारा पुरतो. आणि गंमत म्हणजे बारीक धूळ आपली आपण उठत नाही. जाड कण आधी जमिनीवर टणाटणा उड्या मारतात, जिथे आपटतात तिथली धूळ मोकळी करतात. रस्त्यावर वाळूचे कण नाचताना दिसले, की वन्संचा हात फाटकाच्या दोरीकडे जायचा.

खात्यालाही हे पटलं. वारा तीस ते पंचेचाळीस असेल, तर माती बघून निर्णय फाटकवाल्या बाईंनी घ्यायचा, असं लेखी ठरलं. एकोणीस वर्षांत त्यांनी घेतलेल्या एकाही निर्णयाने कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

माती बघायची त्यांची पद्धत ठरलेली. तळ्यात पाच चौकोन आखलेले, प्रत्येकाला तारेचं कुंपण, म्हणजे शेळी शिरणार नाही, चाक जाणार नाही. रोज सकाळी फळ्यांवरून चालत जायचं, स्प्रिंगची सळई खपलीवर तीन ठिकाणी दाबायची, कितीला तडा जातो तो आकडा लिहायचा. फळीवरून पाय खाली टाकायचा नाही आणि दुसऱ्याला टाकू द्यायचा नाही. "पाय पडला की खपली मोडली. ती भरायला दोन पावसाळे जातात." एकदा खात्याचे मोठे साहेब फोटो काढायला चार पावलं आत गेले, तर बाईंनी त्यांना त्यांच्याच पाऊलखुणांवरून उलटं चालत परत आणलं. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी मागच्या खोलीत जाऊन पोटभर हसले.

आता त्या दिवसाचं सांगते.

तीन महिन्यांपूर्वी विजेचे मोठे खांब रोवणारी माणसं तळ्यात येऊन गेली होती. खांबांची ओळ बरोबर आमच्या कुंपणांच्या पलीकडून गेली. वन्संनी त्यांना जायला यायला एकच वाट आखून दिली, झेंडे लावून. काम संपल्यावर मुकादम येऊन सांगून गेला, बाई, एक चाकसुद्धा वाटेबाहेर गेलं नाही. आम्ही ते लिहून घेतलं. एरवी या बाईचा सख्ख्या भावाच्या शब्दावर विश्वास नसतो, भाजी निवडलेली पुन्हा निवडतात. पण मुकादमाचं खरंखोटं करायचं, तर फळी सोडून खपलीवरून चालावं लागलं असतं. ते त्यांच्याने झालं नाही.

त्या दुपारी तीन वाजता वारा छत्तीस होता आणि चढत होता. खिडकीची चौकट शिट्टी वाजवत होती. नवरा पलीकडच्या खाणीवरच्या कामगारांची बस चालवतो, पाळी सुटली की माणसं घेऊन तळ्यातून घरी. तीन दहाला वायरलेसवर त्याचा आवाज आला, पलीकडच्या फाटकाशी उभा आहे, एकतीस माणसं आहेत.

वन्संनी नोंदवही उघडली. पाचही चौकोनांचे सकाळचे आकडे चांगले होते, गेल्या वर्षीपेक्षा चांगले.

"वन्सं, दहा मिनिटं थांबवा त्याला," मी म्हणाले.

"कशासाठी?"

"मला बरं वाटत नाहीये."

"तुझ्या बरं वाटण्याला नोंदवहीत रकाना नाही," त्या म्हणाल्या आणि बटण दाबून बोलल्या, "ये धाकट्या. खपली धड आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, मी पावतीपुस्तक पुढ्यात ओढलं. तीन पंधराला आमच्या बाजूने पाण्याचा टँकर आला, त्यालाही सोडलं. जुना टँकर, वायरलेस नाही, चढ असो उतार असो पंचवीसच्या वर पळत नाही. तो खिडकीतून हात हलवून गेला.

पाच मिनिटं झाली असतील. मी पावतीपुस्तक आवरत होते. खिडकीतून पश्चिमेला बघितलं तर जमिनीला लागून एक पट्टा दिसला, कुणी फडक्याने पुसल्यासारखा.

"वन्सं."

त्यांनी बघितलं. "लाल असेल. डोंगरापलीकडची माती. वरून निघून जाते ती."

आम्ही दोघी बघत राहिलो. पट्टा उंच झाला. लाल नव्हता. पांढरा होता.

पांढरी माती फक्त आमच्या तळ्यात आहे. वन्सं अशा उठल्या की खुर्ची मागे पडली. बाहेर येऊन त्यांनी फाटक खाली सोडलं, पण आत जायचे ते गेलेच होते. मग त्या फळ्यांवरून पहिल्या कुंपणाकडे धावल्या, मी मागोमाग. कुंपणापाशी त्या थांबल्या, फळीच्या कडेला, एक पाय उचलून. तो पाय खाली ठेवायला त्यांना किती वेळ लागला ते मी पाहिलंय. एकोणीस वर्षांत त्या फळीवरून खाली उतरल्या नव्हत्या.

पाय ठेवला आणि तो घोट्यापर्यंत आत गेला. आवाजसुद्धा झाला नाही.

त्यांनी वाकून मूठ भरली. मूठ उघडायच्या आत माती बोटांमधून उडून गेली. मग तारेतून हात घालून त्यांनी कुंपणातल्या जमिनीवर मूठ आपटली. टणक. नखसुद्धा शिरेना. खांबवाल्यांनी त्यांच्या जड गाड्या हव्या तशा फिरवल्या होत्या आणि मागून वाऱ्याने सगळ्या चाकोऱ्या पुसून सपाट केल्या होत्या. चौकीतून बघितलं तर सगळं सारखंच पांढरं.

"मी कुंपण मोजत होते," त्या म्हणाल्या. "जमीन नाही. मी जपून ठेवलेलीच माती रोज मोजत होते."

"ते नंतर बोला," मी ओरडले. "आधी त्याला थांबवा."

आत आलो तेव्हा वायरलेसवर तोच बोलत होता. "ताई, समोर जरा धुरकट झालंय. पण खपली धड आहे म्हणालीस ना, म्हणजे विरेल. येतो मी हळूहळू."

"धाकट्या, गाडी थांबव. रस्त्यावरून खाली उतर, डाव्या हाताला, जितकं लांब जाता येईल तितकं. सगळे दिवे बंद. हँडब्रेक लाव आणि ब्रेकवरचा पाय काढ."

हे सगळे चालक पाठ करतात. धुळीत दिवे लावून रस्त्यावर थांबलं, की मागचा किंवा समोरचा त्या दिव्यांना रस्ता समजतो आणि येऊन आदळतो. नवऱ्याला हे सांगायची गरज नव्हती. त्याला प्रश्न वेगळाच पडला होता.

"ताई, खाली उतरलो तर चाकं रुततील. बाहेर काढायला ट्रॅक्टर लागेल, ही माणसं पाळी करून दमलेली. तू सकाळी मोजलंस ना?"

"मोजलं."

"मग?"

वन्संनी सकाळच्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

"मग काय, ताई?"

"चुकीचं मोजलं," त्या म्हणाल्या. "मी चुकले."

तर हा हसला. खरंच सांगते, हसला. "तू आणि चुकलीस? घाबरलीयस तू. माझ्या बायकोकडे दे."

वन्संनी माइक माझ्या हातात दिला. अकरा वर्षं मी या दिवसाची वाट बघत होते. ही बाई एकदा, एकदाच सगळ्यांसमोर चुको, म्हणून मी किती वेळा मनात म्हटलं असेल. आणि वेळ आली तेव्हा मला त्यातलं काहीच नको होतं.

"ती खरं बोलतेय," मी म्हणाले. "चुकलीय ती. मी माती बघून आलेय, सगळी मोकळी आहे. समोरून टँकर येतोय. आत्ताच्या आत्ता खाली उतर."

"तू तर रोजच म्हणतेस ती चुकली," नवरा म्हणाला. "भांडलात का दोघी?"

मला रडू फुटलं. एकीचं ऐकायचं नाही, कारण ती कधी चुकत नाही. दुसरीचं ऐकायचं नाही, कारण ती रोज तेच म्हणते. आम्ही दोघींनी मिळून त्या माणसाला आंधळं करून ठेवलं होतं. खिडकीबाहेर फाटकाचं टोक दिसेनासं झालं.

वन्संनी माझ्या हातातून माइक घेतला आणि बटण दाबूनच ठेवलं. दुसऱ्या हाताने नोंदवही माझ्यासमोर सरकवली.

"लिही," त्या मला म्हणाल्या, रोजच्या आवाजात. "वेळ तीन सव्वीस. वारा एक्केचाळीस. पट्टा उघडा ठेवण्याचा निर्णय चुकीचा होता. कुंपणाबाहेरची माती तपासली नव्हती. निर्णय माझा. लिहिलंस? वाचून दाखव."

मी लिहिलं. अक्षर कसलं, नुसत्या रेघोट्या. मी वाचून दाखवलं.

"दे इकडे, सही करते."

नवऱ्याला एक गोष्ट माहीत होती. त्याची ताई घाबरून काहीही बोलेल, त्याची बायको चिडून काहीही बोलेल, पण त्या वहीत खोटं कुणी लिहीत नाही.

"उतरतोय," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. नंतर नुसती खरखर.

मग धूळ आमच्यावर आली. दुपारी साडेतीनला खोलीत दिवा लावावा लागला आणि दिव्याभोवतीही पांढरं धुकं. आम्ही ओली फडकी खिडकीच्या फटीत कोंबली. दातांत कचकच, पापण्या जड. छपराच्या पत्र्यावर कण असे वाजत होते की एकमेकींचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

वन्सं घड्याळाकडे बघत बसल्या होत्या. "टँकर पंचवीसने जातोय," त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या. "धाकटा नऊ किलोमीटरवर असेल. तीन सदतीसला टँकर त्याच्यापाशी पोचेल."

हे मला सांगायची काय गरज होती, देव जाणे. त्यांना सगळं मोजायची सवय. मी तीन सदतीसपर्यंत त्या काट्याकडे बघत राहिले. काटा तिथे आला. काही झालं नाही, म्हणजे झालं असतं तरी आम्हाला इथे काय कळणार होतं? काटा पुढे सरकला.

"त्याला काही झालं तर मी तुमचं तोंड बघणार नाही," मी म्हणाले.

"बघू नकोस," त्या म्हणाल्या.

तेवढंच. मला वाटलं होतं त्या काही बाजू मांडतील, वाद घालतील, मग मलाही भांडता आलं असतं. त्या नुसत्या बसून राहिल्या, बुटावरची पांढरी माती न झटकता.

चार दहाला खिडकीतून फाटक दिसू लागलं. चार चौदाला वायरलेस बोलला.

"सगळे आहेत," नवरा म्हणाला. "टँकर शेजारून गेला. दिवे दिसले तेव्हा तो माझ्या खिडकीशी होता. रस्त्यावर असतो तर..." टँकरवाला पलीकडच्या टोकाला सुखरूप पोचल्याचंही थोड्या वेळाने कळलं. मी टेबलावर डोकं ठेवून रडून घेतलं. वन्संनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

ट्रॅक्टरने बस ओढून काढली, ती सहाच्या सुमाराला आमच्या फाटकाशी लागली. मी नवऱ्याकडे धावले, त्याला दोन शिव्या घातल्या आणि त्याचा हात धरून उभी राहिले. वन्सं भावाजवळ आल्याच नाहीत. त्या सरळ बसच्या पायरीवर चढल्या. आत एकतीस माणसं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी बसली होती, कुणाला कुणाचं तोंड ओळखू येत नव्हतं.

"तुम्हाला आत मी सोडलं," वन्सं म्हणाल्या. "अचानक वारा आला वगैरे कुणी सांगितलं तर ऐकू नका. मी जमीन न बघता सोडलं. माझी चूक आहे."

मागे कुणीतरी खोकत होतं. मग पुढच्या सीटवरची एक बाई, डब्याची पिशवी पोटाशी धरून बसलेली, म्हणाली, "मग उद्या आम्ही कुणाला विचारायचं?"

मला वाटतं, ती शिवी देती तर वन्संना सोपं गेलं असतं.

"उद्या विचारू नका," त्या शेवटी म्हणाल्या. "फाटक बंद राहील. मी सगळा पट्टा पायाने चालून बघेपर्यंत. बारा दिवस लागतील."

गाडीत एकदम गलका झाला. तळं बंद म्हणजे डोंगराकडची वाट, जायला तीन तास, यायला तीन तास. एक जण म्हणाला, एका दुपारची चूक तुमची आणि बारा दिवस हाल आमचे? त्याचंही काय चुकलं? वन्सं मान खाली घालून ऐकत होत्या, पण बारा दिवस म्हणजे बारा दिवस.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. ते समजुतीने बोलत होते. तुम्ही नियमात होता, वारा पंचेचाळीसच्या आत, मातीचे आकडे उत्तम, तुमच्यावर काहीच येत नाही. फक्त ती तीन सव्वीसची ओळ आहे ना, तेवढी खोडा. नाही तर एकोणीस वर्षांच्या सगळ्या नोंदी संशयात येतील. आणि फाटक उघडा.

"संशयात येऊ द्या," वन्सं म्हणाल्या. "त्यांच्यावर संशय घ्यायलाच हवा." आणि फोन ठेवला.

मग त्या चालायला लागल्या. सकाळी उजेड झाला की निघायच्या, ऊन कलेपर्यंत चालायच्या, कुंपणाबाहेर, दर शंभर पावलांवर सळई दाबत. जिथे खपली शाबूत असेल तिथे ती त्यांच्याच पायाखाली मोडायची आणि त्या प्रत्येक वेळी थबकायच्या. पहिल्या दिवशी मी चौकीतून बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तासभर चौकी बंद करून, वही घेऊन त्यांच्यामागे गेले, आकडे लिहायला. भांडायला दोघींनाही दम नव्हता.

चौथ्या दिवशी खात्याने नवा माणूस पाठवला. चौकी त्याने ताब्यात घ्यायची आणि फाटक उघडायचं, असा कागद त्याच्या खिशात होता. माणूस वाईट नव्हता, मला खुर्चीवरून उठूसुद्धा दिलं नाही. त्याने वाट्यांचं यंत्र बघितलं, वारा एकतीस. कुंपणातले जुने आकडे बघितले. फाटक वर केलं आणि पलीकडेही वर करायला सांगितलं. वन्सं तेव्हा तळ्यात कुठेतरी लांब होत्या, आम्हाला ठिपक्याएवढ्या दिसत होत्या.

तीन वाजता बस पलीकडच्या फाटकाशी आली.

"रस्ता उघडा आहे," नवा माणूस वायरलेसवर म्हणाला. "या."

इंजिन चालू होतं, मागे माणसांचे आवाज होते.

"बाई काय म्हणतात?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"त्यांच्याकडे आता हे काम नाही. मी सांगतोय, या."

पुन्हा मागच्या माणसांचे आवाज. मग नवरा म्हणाला, "साहेब, मी विचारत नाहीये. गाडीतली माणसं विचारतायत. पुढच्या सीटवरच्या बाई म्हणतात, चुकले म्हणून सांगणारी बाई हो म्हणू दे, मग आम्ही येतो. तोवर डोंगराकडून जातो."

नव्या माणसाने माझ्याकडे बघितलं. वायरलेसवर बस वळल्याचा आवाज आला, गिअर टाकल्याचा, मग बंद झाला. मी बाहेर जाऊन फाटकाशी उभी राहिले आणि तळ्याकडे तोंड करून वन्संना मोठ्याने हाक मारली, दोनदा, तीनदा. वारा समोरून होता. त्यांना ऐकू गेलं नाही, त्या पुढच्या शंभर पावलांसाठी निघाल्या होत्या.